कपाटामागच्या दोन काचा

तुमच्या रस्त्यावरचं एखादं घर पाडतात तेव्हा तुम्ही खिडकी लावून घेता, ती धूळ येऊ नये म्हणून की नजर चुकवायला? खरं सांगा. विचारलं म्हणून रागावू नका, खिडकी मीही लावली आहे. आमच्या जुन्या भागात सहा वर्षांत अकरा घरं गेली. पहिली चार पडली तेव्हा मी खिडकी लावून चहा प्यायले. पाचव्या वेळी यंत्रासमोर जाऊन मुकादमाची गचांडी धरली. घर पडायचं ते पडलंच, वर मला दोन तास चौकीत बसवलं. तेव्हापासून अर्ज, हरकती, सुनावण्या. हल्ली पायऱ्या बघितल्या तरी दम लागतो, मग त्या ऑफिसच्या असोत नाहीतर कोर्टाच्या.

पण सांगायचंय ते ओळंबाकाकांबद्दल.

ओळंबा म्हणजे गवंड्याची दोरी, खाली वजन बांधलेली. भिंत सरळ चढतेय की कलतेय ते तिच्यावरून कळतं. काका हाडाचे गवंडी. वय ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे, त्यांनाही नक्की माहीत नाही. अंगाने काडी, उंच, आणि उभे राहिले की वरून कुणीतरी टांगल्यासारखे सरळ. कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतींकडे बघतात, मग माणसांकडे. माझ्या भावाने नवा फ्लॅट घेतला, कौतुकाने दाखवायला बोलावलं. हे दारात उभे राहून म्हणाले, "चौकट डावीकडे बोटभर झुकलीय. बाकी झकास." भाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

आणि घर म्हणजे कोपऱ्यावरचं ते दुमजली. तुम्ही त्याच्यासमोरून शंभरदा गेला असाल. खाली शिंप्याचं दुकान होतं, वर एक मास्तरीणबाई भाड्याने राहायच्या. दोघं गेल्यावर बारा वर्षं कुलूप. पन्हळ अर्धी लोंबतेय, कठड्यातून झाड उगवलंय, खिडक्यांच्या काचा येता-जाता दगड मारून फोडलेल्या. दारात आपणच कचरा टाकतो आणि आपणच नाक दाबून पुढे जातो. मालक चार भावंडं, चार दिशांना. एकमेकांच्या आजारपणाला जात नाहीत, पण बिल्डरला घर द्यायच्या कागदावर चौघांच्या सह्या एका दुपारी झाल्या. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, इथे वासे बिचारे जागच्या जागी आहेत, माणसं तेवढी फिरली.

हे घर संरक्षित यादीत आहे, त्यामुळे सहजासहजी पाडता येत नाही. पण यादीतलं घर एकदा 'धोकादायक' ठरलं की यादीला कुणी विचारत नाही. म्हणून बिल्डरने आपला इंजिनिअर आणला आणि त्याने अहवाल दिला.

तो अहवाल मी काकांच्या खोलीत बसून वाचला. एकच खोली, समोरच्या गल्लीत, भिंती मात्र अशा की हात फिरवावासा वाटतो. काका खाटेवर, गुडघ्याला गरम पिशवी लावून. काकू ओट्याशी भांडी पुसत होत्या. मी आपली बिल्डरच्या नावाने खडे फोडत वाचत होते. मधेच काकांनी हात वर केला.

"ते मागच्या भिंतीचं परत वाच."

"मागील भिंतीचे बांधकाम निकृष्ट असून ती कोणत्याही क्षणी कोसळण्याची शक्यता आहे."

"निकृष्ट म्हणजे?"

"वाईट, काका."

"किती वाईट?"

मी पान उलटायला लागले. काकू म्हणाल्या, "अगं, कळतंय त्यांना. तुझ्या तोंडून ऐकायचंय एवढंच."

मागची भिंत काकांनी बांधली आहे. बावीस वर्षांचे असताना, थोरल्या भावाबरोबर. दादा म्हणायचे ते त्याला. दोघं जन्मभर कंत्राटदाराच्या हाताखाली राबले. दादाने स्वतःच्या नावावर घेतलेलं काम हे एकच. जुनी भिंत पाण्याने खचली होती, ती उतरवून नवी उभी केली. दगड दादाने निवडले, दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, काकांनी भरल्या. पाचेक वर्षांनी दादा दुसऱ्या एका कामावर परांचीवरून पडून गेला. त्याचा फोटोसुद्धा नाही. काका एकदाच म्हणाले होते, "त्याला बघायचं झालं तर ती भिंत आहे." आता ती भिंत निकृष्ट आहे असं सरकारी ऑफिसात दाखल होऊन शिक्का बसलेल्या कागदावर आलं होतं.

"ती हलत नाही," काका म्हणाले. "एक केससुद्धा नाही. मी बघतोय ना."

तिथे माझी पहिली चूक झाली. मी विचारायला हवं होतं, काका, बघताय म्हणजे काय करताय? मला वाटलं, म्हातारं माणूस, जीव अडकलाय. मी त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि उठले. मला मोर्चाचे फलक रंगवायचे होते.

काकू दारापर्यंत आल्या. "आयुष्यभर त्या घराच्या भेगा बघत आलाय हा माणूस. माझ्या टाचांना भेगा पडल्या त्या कधी दिसल्या नाहीत."

"तुझ्या टाचा पडणार नाहीत कुणाच्या डोक्यावर," आतून आवाज आला.

"पडतील एक दिवस तुमच्याच डोक्यावर!"

आम्ही तिघंही हसलो. त्या महिन्यात हसल्याचं मला एवढंच आठवतं.

आमचे अर्जावर अर्ज गेल्यावर अखेर महापालिकेच्या वारसा विभागाचे साहेब स्वतः गुरुवारी घर बघायला येणार असं ठरलं. त्याआधीचा रविवार. काका गुडघा दाखवायला मुलीकडे गेले होते. मी जुनी घरं वाचवायच्या आमच्या समितीतली सतरा माणसं गोळा केली. झाडू, बादल्या, खरवडण्या, चुन्याचे दोन डबे. म्हटलं, साहेबाने आत पाऊल टाकल्यावर त्याला भुताटकी दिसता कामा नये. घर दिसलं पाहिजे. मागच्या दाराची किल्ली मास्तरीणबाईंनी जाताना काकांकडे दिली होती, ती मी काकूंकडे मागितली.

"त्यांना विचारलंस का?"

"काकू, झाडू मारायला काय विचारायचं?"

दिवसभर आम्ही राबलो. अकरा पोती कचरा निघाला. वरच्या खोल्यांत भिंतींवर ठिकठिकाणी प्लास्टरचे गोळे थापलेले होते, जोडीजोडीने, आणि प्रत्येक जोडीत बोटभर रुंदीची काचेची पट्टी अडकवलेली. खाली भेग, वर काच. एका पोराने, म्हणजे चांगला पस्तिशीचा आहे, बँकेत नोकरीला, विचारलं, "ताई, हे काय असेल?"

मी म्हटलं, "कसलं काय, घाण आहे. काढ. साहेबाच्या हाताला लागेल एखादी."

माझे शब्द आहेत. मी ते दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही. काचा खरवडल्या, भेगा चुन्याने भरल्या, भिंती पांढऱ्या केल्या. संध्याकाळी ते घर नुकतं आजारातून उठून अंघोळ केलेल्या माणसासारखं दिसत होतं. आम्ही फोटो काढले. कचऱ्याची गाडी पोती घेऊन गेली.

काका सोमवारी परतले. किल्ली जागेवर नाही म्हणून तडक घराकडे आले. एकोणीस पायऱ्या, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मी वरच होते, मोठ्या ऐटीत, कौतुक होईल म्हणून. ते मधल्या खोलीत आले, उभे राहिले. या भिंतीकडे बघितलं, त्या भिंतीकडे. मग मागच्या खोलीत गेले. 

"कुणी केलं?"

"आम्ही सगळ्यांनी. छान झालंय ना?"

"काचा?"

"ती घाण होय? ती मी काढायला लावली."

ते खाली बसले. जमिनीवरच, भिंतीला पाठ लावून. ताजा चुना त्यांच्या सदऱ्याला लागला, त्यांना कळलं नाही.

"चौदा होत्या," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही, मला शिव्या दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. भिंतीला भेग असली म्हणून भिंत पडत नाही. भेग वाढतेय का, ते महत्त्वाचं. ते डोळ्याला कळत नाही. म्हणून भेगेवर आडवी काच बसवायची, दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये पक्की करायची. काच ताणत नाही. भिंत केसभर सरकली तरी तडकते. काच अख्खी आहे म्हणजे भिंत जागेवर आहे. फोटोफ्रेमच्या दुकानातून टाकाऊ पट्ट्या आणून त्यांनी घर बंद झाल्यापासून चौदा ठिकाणी त्या बसवल्या होत्या. दर महिन्याला एका रविवारी सकाळी येऊन बघायचे. बारा वर्षं.

"आणि तारीख?" मी विचारलं.  "कधी बसवली ते कुठे लिहिलंय?"

"ओल्या प्लास्टरवर खिळ्याने. प्रत्येकीवर."

"कागदावर नाही?"

"कागद कशाला? भिंतीवर होतंच की."

म्हणजे ती भिंत हलत नाही याचा साऱ्या जगातला एकमेव पुरावा मी स्वतः खरवडून, पोत्यात भरून, कचऱ्याच्या गाडीत टाकला होता. बिल्डरने लाख वर्षं डोकं चालवलं असतं तरी त्याला हे जमलं नसतं. दोन वर्षं मी त्या घरासाठी भांडत होते. अहवालातल्या फोटोंत भेगा होत्या, काचा नेमक्या चौकटीबाहेर. मीही वरच्या मजल्यावर त्याआधी चार वेळा गेले होते, फोटो काढायला. भेगांचेही फोटो काढले होते, पण लांबून, त्यात काचा दिसत नाहीत. दिसते ती खिडकीतली मी.

मी रडले नाही. मी भांडले. माणूस चुकतो तेव्हा भांडतोच. "तुम्ही सांगायचं होतं मला! तोंडाला कुलूप लावून बसलात!"

"सांगितलं होतं. बघतोय म्हणून."

 मग त्यांनी मान वळवली.

"ते कपाट हलवलंत?"

मागच्या खोलीत एक लाकडी कपाट आहे, दादाच्या भिंतीला टेकून, मास्तरीणबाईंनी सोडून दिलेलं. राक्षस आहे नुसता, एक पाय मोडका. बँकवाल्याने एकदा जोर लावून बघितला आणि म्हणाला, ताई, मागे कोण बघतंय. त्याच्या कडेकडेने चुना मारून आम्ही मोकळे झालो होतो.

"नाही. जड होतं."

काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "चला," ते म्हणाले, "तुमच्यात एक तरी आळशी निघाला."

कपाट सरकवायला आम्हाला अर्धा तास लागला. काचा बसवताना काका दोन हमाल आणायचे आणि एरवी कडेच्या फटीतून बॅटरी मारून बघायचे, हे तेव्हा कळलं. मागे जाळी, धूळ, जुना काळपट चुना आणि एक भेग, वाकडीतिकडी, छातीपासून छतापर्यंत. भेगेवर एकाखाली एक दोन काचा. मी तोंड जवळ नेऊन फुंकर मारली. खालची अख्खी होती. वरची मधोमध तडकलेली.

 "काका, ही तुटलीय."

"हो."

"मग काढून टाकू. खालची आहे ना अख्खी, तेवढी पुरे."

"नाही."

"अहो, बिल्डरच्या हातात आयतं कोलीत देताय तुम्ही!"

"वरची काढायची असेल तर खालचीपण काढ. मग सांग साहेबाला, ओळंबा गवंडी म्हणतो भिंत पक्की आहे, विश्वास ठेवा."

मी पाय आपटत खाली उतरले. सहाव्या पायरीचा कोपरा माझ्या त्याच पायाने मोडला. अजून मोडकाच आहे.

गुरुवारी साहेब आले. सर्दीने बेजार, एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात फाईल. बिल्डरचा इंजिनिअर बरोबर होता, इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. वर येऊन त्याने भिंतीला बोट लावलं आणि पांढरं झालेलं बोट साहेबांना दाखवलं.

"बघा सर. ताजा चुना. भेगा लपवल्यात यांनी. माझ्या अहवालात फोटोसकट आहेत त्या."

माझी कानशिलं तापली. "लपवायला आम्ही काय तुमच्यासारखे…"

"बरोबर बोलतायत ते," काका म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. "पुसलं आम्ही. चुकलं. एक जागा राहिलीय, ती बघा."

त्यांनी साहेबांना कपाटामागे नेलं. साहेबांनी मोबाईलचा दिवा लावला. काका एकेक करून सांगत गेले. वरची काच घर बंद झालं त्या वर्षी बसवली. दीड वर्ष अख्खी होती. मग तुमच्याच ऑफिसने समोर नाल्याचा पाईप टाकायला रस्ता खोदला, आठ दिवस यंत्र धडधडत होतं, त्यात ती तडकली. तडकल्याची तारीख शेजारी खिळ्याने लिहिली आहे. त्याच दिवशी खाली दुसरी बसवली. ती आजपर्यंत अख्खी आहे.

"म्हणजे भिंत हलली होती," इंजिनिअर म्हणाला. "हेच कबूल करतायत."

"हलली होती," काका म्हणाले. "एकदा. तुम्हाला धक्का मारला तर तुम्हीपण हलाल. मग आपले उभे राहाल परत."

साहेब शिंकले. नाक पुसत विचारलं, "हे तुम्ही परवा बसवलं नाही कशावरून?"

"तुमच्या ऑफिसात नाल्याची फाईल असेल. तारीख ताडून बघा."

साहेब बराच वेळ वरच्या काचेकडे बघत राहिले. मग फाईलमध्ये काही लिहीत, जणू स्वतःशीच म्हणाले, "खोटं करायचं असतं तर तुटकी कोण ठेवतं."

घर वाचलं असं समजू नका. वाचलेलं नाही. चार दिवसांनी आदेश आला: एका जागेवरून साऱ्या घराचं ठरवता येत नाही, पाडकामाला तीन महिने स्थगिती, पुसलेल्या चौदाही ठिकाणी काचा पुन्हा बसवा, दर रविवारी बघून नोंद करा. नोंदीवर दर वेळी दोन वेगळ्या घरांतल्या माणसांच्या सह्या हव्यात. आणि शेवटची ओळ, जी मला तोंडपाठ झाली आहे: भिंती रंगवणाऱ्या समितीच्या सभासदांच्या सह्या ग्राह्य धरल्या जाणार नाहीत. माझी सही चालत नाही. सतरांपैकी कुणाचीच नाही. आणि भिंत काकांनी बांधलेली, म्हणून त्यांचीही नाही.

भेगा पुन्हा मोकळ्या केल्या. काचा काकांनीच बसवल्या.  मी काच धरायचे, ते प्लास्टर थापायचे. आठव्या काचेला गुडघा उभं राहू देईना, तेव्हा ते कपाटाच्या फळीवर बसून नुसतं सांगायला लागले, जास्त दाबू नको, दोन्ही टोकं सारखी धर, श्वास सोड. तारखा मी कोरल्या. एका तारखेत चूक झाली तर त्यांनी सगळा गोळा पुन्हा काढायला लावला. शेवटची काच दादाच्या भिंतीवर. ती मात्र ते उठून स्वतः बसवायला गेले. हात भिंतीवर टेकवून क्षणभर उभे राहिले, मग म्हणाले, "बाई, ही तूच धर. मला नीट दिसत नाहीये." डोळ्यांत चुना गेला असेल म्हणून मी पाणी आणायला खाली गेले आणि मुद्दाम उशिरा वर आले.

त्याला चार रविवार झाले. नऊ उरलेत. पहिल्या रविवारी खालच्या गल्लीतले न्हावी आणि त्यांच्या विहीणबाई आले. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच दोघं. तिसऱ्या रविवारी फक्त विहीणबाई, आणि दुसऱ्या सहीसाठी मी रस्त्यात उभी राहून तासभर लोकांच्या विनवण्या केल्या, शेवटी एका पोस्टमनने केली. परवा कुणीच नाही. दोन सह्यांची जागा कोरी गेली. इंजिनिअरने त्या पानाचा फोटो काढला, नोंदी नाहीत म्हणून तक्रार करणार म्हणे. काका अकरा वाजेपर्यंत खाली दारात खुर्ची टाकून बसले होते. वर चढता येत नाही त्यांना आता. जाताना म्हणाले, "लोकांना कामं असतात ग." काकू खुर्ची उचलायला आल्या होत्या. त्यांनी एक शब्द काढला नाही, आणि काकू गप्प राहिल्या म्हणजे काय ते मला कळतं.

मोर्चाला हाक मारली तर तुम्ही येता, हे मी बघितलंय. घोषणा देता, फोटो काढता, घरी जाता. मीही तेच केलं दोन वर्षं. आता मोर्चा नको आहे. तुमचा एका रविवारचा अर्धा तास हवा आहे.

म्हणून मागते आहे. येत्या रविवारी सकाळी नऊ ते अकरा, कोपऱ्यावरच्या घरी, मागच्या दाराने या. काका दारात असतील, त्यांच्याकडून वही घ्या. एकोणीस पायऱ्या आहेत, सहावीवर कडेला पाय देऊ नका. चौदा काचा आहेत, आणि कपाटामागच्या जुन्या दोन. प्रत्येकीजवळ जाऊन बघा. अख्खी असेल तर अख्खी लिहा, तुटली असेल तर तुटली लिहा, खाली सही करा, आणि उतरल्यावर काय दिसलं ते काकांना तोंडाने सांगा. फक्त एक करा माझ्यासाठी: तिथलं काही पुसू नका.